लहान मुलांना चंद्र, सूर्य, तारे कसे शिकवता? (वय साधारण ४ ते ८)

गॅलरीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. कन्या सीनियर केजीत. शाळेच्या पुस्तकात एका पानावर पिवळा सूर्य आणि खाली 'दिवस', समोरच्या पानावर चंद्र-चांदण्या आणि खाली 'रात्र'. आता ही सकाळी सातला स्कूलबसची वाट बघत उभी असते तेव्हा आठवड्यातून दोनतीनदा तरी चंद्र समोरच्या टॉवरच्या डोक्यावर लख्ख दिसत असतो. टीचरला सांगितलं तर टीचर म्हणाल्या बेटा तो ढग असेल. झालं, घरी येऊन रडारड.

पृथ्वी गोल आहे, स्वतःभोवती फिरते, हे सगळं सांगून झालंय, धडाधडा म्हणूनही दाखवते. पण परवा शांतपणे विचारलंन, "आई, आपण त्या बॉलच्या आत राहतो ना, मग समुद्र सांडत नाही का?" म्हणजे पाठ झालंय, डोक्यात काही वेगळंच चाललंय. तर तुम्ही लोक काय करता? ॲप, पुस्तकं नकोत, ती आहेत. प्रत्यक्ष काय दाखवता, कुठल्या वयात, आणि कुठं थांबता ते सांगा. मुंबईच्या उपनगरात राहतो, आभाळ मोजकंच वाट्याला येतं.

डोंबलाचं_ज्ञान

छान विषय. टीचरचं जाऊ द्या, अर्ध्या मोठ्या माणसांना दिवसा चंद्र असतो हे माहीतच नसतं, कारण कुणी वर बघत नाही.

हिशोब सोपा आहे. पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र उगवतो. मग रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशीर करत जातो. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे सकाळी सहा-सातला तो जवळजवळ डोक्यावर असणार आणि दुपारी मावळणार. तुमच्या बसस्टॉपवाल्या चंद्राच्या तारखा बघा, वद्य पंचमी ते दशमीच्या मधल्याच निघतील. संध्याकाळी खेळायच्या वेळेला बघायचा असेल तर शुद्ध पंचमी ते द्वादशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, वेगळं काही लागत नाही.

आता जे मी पुतण्याबरोबर केलं ते सांगतो, भारी चालतं. शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमाराला संध्याकाळी साडेचार-पाचला गच्चीवर जा, ऊन असताना. पश्चिमेला सूर्य, पूर्वेकडं वर चंद्र. टेबलटेनिसचा पांढरा बॉल जुन्या रिफिलवर खोचायचा आणि हात लांब करून बरोब्बर चंद्राच्या शेजारी धरायचा, पण बॉलवर ऊन पडलं पाहिजे. बॉलचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच आणि त्याच बाजूनं चंद्राचा उजळलेला दिसतो. डिट्टो. कारण दोघांवर एकाच सूर्याचं ऊन त्याच बाजूनं पडतंय. पुतण्या पाचेक मिनिटं बॉल आणि चंद्र, बॉल आणि चंद्र करत बसला आणि मग म्हणाला "म्हणजे चंद्रावर पण आत्ता संध्याकाळचं ऊन आहे?" मी एक अक्षर समजावलं नव्हतं.

कुंदाताई

आमच्याकडे हे सगळं शिक्षण संकष्टीनं केलंय हो. चंद्रोदय झाल्याशिवाय जेवण नाही, त्यामुळे नातवंडांचा चंद्रावर डोळा असतोच. कॅलेंडरमध्ये गावागावाची वेळ दिलेली असते, कधी पावणेनऊ, कधी दहाच्या पुढं. नातू विचारायचा, "आजी, आज चंद्र लेट का?" मी म्हटलं चल, पौर्णिमेपासून रोज बघू. पहिल्या दिवशी दिवेलागणीला गच्चीतून दिसला, दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या होताना, तिसऱ्या दिवशी पानं वाढताना आणि संकष्टीला सगळे भुकेनं व्याकूळ झाल्यावर. वर डोंबलाचं_ज्ञान यांनी पन्नास मिनिटं लिहिलीयत ती आमच्या पोटाला आधीपासून ठाऊक.

आणि वेळ झाली तरी पाचदहा मिनिटं दिसत नाही, समोरची बिल्डिंग आडवी येते. ते पण त्याला सांगितलं, की चंद्र आलाय, आपल्याला दिसत नाहीये. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर देतो. गृहपाठ झालाय, तुला दिसत नाहीये.

सहज_फिरायला

कुंदाताई, शेवटचं वाक्य =))

मी मुलाला सोपं सांगितलंय, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून तो अर्धा दिसतो. या वयात तेवढं पुरे.

डोंबलाचं_ज्ञान

@सहज_फिरायला, नको हो. ते ग्रहण झालं, आणि ते फक्त पौर्णिमेला होतं. रोजच्या कला म्हणजे चंद्राची उजेडातली अर्धी बाजू आपल्याला किती दिसते एवढंच. तसं तर बघा, संध्याकाळी अर्धा चंद्र वर असतो तेव्हा सूर्यही अजून आभाळात असतो, मग पृथ्वीची सावली तिकडं जाणार कशी? सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते हे मुलाला अंगणात खेळताना कळलेलं असतंच. सोपं सांगायच्या नादात चुकीचं सांगू नये, पुढं सातवीत ते खोडायला फार त्रास होतो. त्यापेक्षा "बघूया" म्हणून वेळ मारून न्यावी.

सहज_फिरायला

मान्य. म्हणजे गेली तीसेक वर्षं मी स्वतःच हे धरून चाललोय. दहावीत विज्ञानाला ८० च्या वर होते, आता कुणाला सांगू नका.

शिरवळचा_मास्तर

जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी शिकवतो. माझं मत, चंद्राच्या आधी सूर्य घ्या, म्हणजे सावली घ्या. सूर्याकडं बघायचं नाही हे पहिल्या दिवशी बजावून. साहित्य शून्य रुपये. मैदानात हातभर काठी सरळ रोवायची, ओळंबा नसेल तर दोऱ्याला दगड बांधून बघायचं सरळ आहे का. शाळा भरल्यापासून दर तासाला सावलीच्या टोकाशी एकेका पोरानं आपला खडा ठेवायचा. दुपारपर्यंत सावली आखडत जाते, मग दुसऱ्या बाजूला लांबत जाते. पोरांची भांडणं लागतात की माझा खडा कुणी सरकवला, कारण सावली सरकली हे त्यांना पटतच नाही. हे भांडण लागू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तोच खेळ, तेच खडे, तेव्हा कुणीतरी ओरडतंच की सावली पुन्हा माझ्या खड्यावर आली.

पुस्तकी समज असा की रोज दुपारी बाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर. तसं नसतं. आपल्याकडं वर्षात दोनच दिवस सावली पायाखाली गडप होते. आमच्याकडं १२ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपूरला थेट २६ मेच्या सुमारास, आणि परत एकदा जुलैत. पहिला दिवस उन्हाळी सुट्टीत आणि दुसरा ढगात, सरकारी कार्यक्रम ठरवल्यासारखा. तरी मी गावातल्या पोरांना मे महिन्यात शाळेच्या पटांगणात बोलावतो. स्टीलचा पेला उपडा ठेवायचा, साडेबाराच्या जरा आधी त्याच्या कडेची काळी रेघ बारीक होत होत नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला. हे मोठ्यांना सांगून बघा, वाद घालतील.

गॅलरीवाली

मास्तर, दंडवत! आमच्या गॅलरीत ऊन जेमतेम दोन तास येतं, पण ग्रिलची सावली फरशीवर पडते, तिथं खडूनं रेघ मारून बघते.

कुणीतरी "बॉलच्या आत राहतो" वर बोला ना.

पुस्तकातला_किडा

त्यावर मी बोलतो, नोकरीच ती आहे (शिक्षणशास्त्र). तुमची लेक एकदम टेक्स्टबुक केस आहे, काळजी नको. व्होस्नियाडू आणि ब्रुअर या दोघांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांशी बोलून नेमकं हेच मांडलं. पृथ्वी गोल आहे असं सगळी म्हणतात, पण खोलात विचारलं की कुणाची पृथ्वी थाळीसारखी चपटी, कुणाची पोकळ गोळा आणि माणसं आत सपाट जमिनीवर, कुणाच्या डोक्यात दोन पृथ्व्या, एक पायाखालची आणि एक वर आभाळातली गोल. मूल वेडं नसतं, त्याला जमीन सपाट दिसते, मोठे लोक गोल म्हणतात, दोन्ही खरं ठरवायचं तर आत राहण्याशिवाय इलाज नाही. त्याच्या परीनं त्यानं उत्तर शोधलेलं असतं.

म्हणून केजीत पृथ्वी फिरते वगैरे घाईनं सांगू नये असं मला वाटतं. ते डोळ्यांना दिसत नाही. चंद्राची कोर वाढते, सूर्य मावळायची जागा सरकते, तारे रात्रभरात पश्चिमेला जातात, हे दिसतं. तीनचार वर्षं हे भरपूर बघितलेलं असलं की पुढं पृथ्वी फिरते सांगितल्यावर "अच्छा, म्हणून होय!" असं होतं. नाहीतर ते घोकलेलं वाक्य राहतं.

अवली_लेकाची_आई

पण मूल विचारतंच ना! माझा सहा वर्षांचा, चांद्रयान-३ उतरताना आम्ही टीव्हीसमोर, २३ ऑगस्ट २०२३, अख्खी सोसायटी टाळ्या वाजवतेय आणि हा म्हणतो "अर्धाच चंद्र आहे आज, यान खालच्या अर्ध्यात पडलं तर?" त्या दिवशी खरंच जवळजवळ अर्धा चंद्र होता. मला उत्तर सुचेना, मी म्हटलं इस्रोला माहितीये.

डोंबलाचं_ज्ञान

कडक प्रश्न आहे. त्याला अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीयेची कोर दाखवा, सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासानं, पश्चिमेला. कोरीच्या पोटात उरलेला चंद्र अंधुक राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. म्हणजे चंद्र पूर्ण तिथंच आहे, तुटलेला नाही. आणि एकदा ते दिसलं की मुलांच्या पुस्तकातली ती दोन टोकांच्या मध्ये बसलेली चांदणी तो स्वतःच चुकीची ठरवेल, कारण तिथं चंद्राचाच काळोखा भाग आहे, चांदणी त्याच्या पुढं येणार कुठून.

मेलबर्नी_माणूस

त्या पुस्तकांबद्दल आणखी एक. तिथली कोर कायम उभी असते, इंग्रजी सी सारखी. भारतात असताना आपली कोर बघा, बऱ्याचदा आडवी, होडीसारखी असते, फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी तर अगदीच आडवी पडलेली. कारण आपण विषुववृत्ताच्या त्यातल्या त्यात जवळ. चित्रं काढणारे युरोपातले, त्यांची कोर उभी.

आणि आमच्याकडं तर सगळंच उलटं. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेला, शुक्ल पक्षातला चंद्र डाव्या बाजूनं उजळतो आणि चंद्रावरचा ससा डोक्यावर उभा. कोजागरीला इथल्या महाराष्ट्र मंडळात आटीव दूध असतं, मुलीला ससा दाखवायला गेलो तर तिला दिसेचना, शेवटी तिला उलटं वाकून दोन पायांतून बघायला लावलं, रांगेत उभ्या काकू बघतच राहिल्या. ध्रुव इथून दिसतच नाही. पण अगस्त्याचा तारा डोक्यावर आणि त्रिशंकूचे तारे वर्षभर. ती सुट्टीत नगरला आजोळी गेली की आजोबांशी हुज्जत, तुमचं मृग उलटं आहे. आजोबा म्हणतात तुमचंच. दोघं आपापल्या गच्चीवरून फोटो पाठवतात. पृथ्वी गोल असल्याचा याहून चांगला पुरावा मला देता आला नसता.

विदर्भातली_वेणू

मृगाचा विषय निघाला म्हणून. आमचे बाबा शेतकरी, जून लागला की "मृग लागलं" म्हणून पेरणीच्या तयारीला. माझा भाचा पुण्याचा, हुशार, ७ जूनला रात्री अंगणात येऊन विचारतो आजोबा मृग कुठंय. आता दाखवणार कुठून? मृग लागलं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, म्हणजे दिवसा सूर्याबरोबर वर आणि त्याच्याबरोबरच मावळणार. बाबांनी मस्त सांगितलं, "आता तो सूर्याच्या घरी पाहुणा गेलाय, डिसेंबरात ये." डिसेंबरच्या सुट्टीत खरंच रात्रभर दिसला.

लहान मुलांना सगळ्यात सोपा तोच. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, बाणाची रेघ खाली वाढवली की चकाकणारा व्याध, उलटीकडं वाढवली की तांबूस रोहिणी, आणखी पुढं कृत्तिकांचा झुबका. कृत्तिका मोजायला लावा, मला सहा दिसतात आणि चष्मा विसरले तर एकही नाही, पोरं सात-आठ सांगतात आणि खरं सांगत असतात. सप्तर्षींना आमची आजी बाज (खाट) म्हणायची, चार तारे म्हातारीची बाज आणि मागचे तीन ती ओढून नेणारे चोर. सात ऋषींची नावं पोरांना पाठ होत नाहीत, चोर लगेच सापडतात.

आणि महिन्यांची नावं! कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षात मृगाजवळ, पौषात पुष्य, माघात मघा. भाच्याला हे कळल्यावर तो आता कॅलेंडर घेऊन बसतो आणि आमची परीक्षा घेतो.

तर्कट

गोष्टी सांगून तुम्ही मुलांच्या डोक्यात पुराण भरताय. आज हरीण आणि व्याध, उद्या राहू-केतू, परवा ग्रहणात गरोदर बाईला कोंडणार. विज्ञान सांगायचं तर सरळ सांगा.

विदर्भातली_वेणू

बाणाची गोष्ट ऐकून कुणी धनुष्य घेऊन फिरत नाही हो. गोष्ट हा आभाळातला पत्ता आहे, पोस्टमननं पत्त्यावर विश्वास ठेवला म्हणून तो अंधश्रद्ध होत नाही.

शिरवळचा_मास्तर

तर्कट यांच्या म्हणण्यात ग्रहणापुरता मुद्दा आहे. ग्रहणाच्या दिवशी अर्धा वर्ग घरी ठेवतात. पण मी राहूची गोष्ट लपवत नाही, सांगतो, आणि लगेच हेही सांगतो की आपल्याच आर्यभटानं ४९९ सालच्या ग्रंथात ग्रहण म्हणजे सावली असं लिहून ठेवलंय. पोरांना दोन्ही आवडतं. पालकांशी वाद घालताना "आर्यभट म्हणतो" हे "सर म्हणतात" पेक्षा जास्त चालतं, हा अनुभव.

सूर्यग्रहण बघताना एक्सरे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काही म्हणजे काही नको. स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा, जमिनीवर प्रत्येक भोकातून एकेक खाल्लेला सूर्य दिसतो. झाडाखाली पण तसेच शेकडो पडतात. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये खग्रास आहे, आपल्याकडं संध्याकाळकडं खंडग्रास. ऐन पावसाळा, त्यामुळे चाळणी आणि छत्री दोन्ही तयार ठेवा.

नवा_बाबा

घाई आहे पण विचारतो, मुलगी चार वर्षांची, टेलिस्कोप घेऊ का? ऑनलाइन ३००० ला मिळतोय, ५२५ पट मोठं दिसतं लिहिलंय.

डोंबलाचं_ज्ञान

अजिबात नको. ५२५ पट म्हणजे ५२५ पट हलणारं आणि धूसर. स्टँड लटपटतो, चंद्र सापडेपर्यंत मूल झोपतं. आधी नुसते डोळे, मग ७x५० ची, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून चंद्राच्या कडेची विवरं दिसतात, हात स्थिर असेल तर गुरूचे चंद्रही. फक्त दिवसा ती मुलांच्या हाताला लागू देऊ नका, दुर्बिणीतून सूर्य म्हणजे डोळा गेलाच.

चार वर्षांच्या मुलीला करंगळीचा खेळ द्या. पौर्णिमेला चंद्र उगवताना एवढा मोठा दिसतो ना, हात लांब करून करंगळीनं झाका. सहज झाकला जातो. मग झोपायच्या आधी वर आल्यावर परत झाका. तेवढीच करंगळी पुरते. चंद्र लहान झालेला नसतोच, आपल्याला वाटतं. हाताची मूठ लांब धरली की साधारण दहा अंश, मुलांची मूठ लहान पण हातही आखूड, म्हणून त्यांचीही दहाच. मुंबई-पुण्यातून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठींहून जरा खाली.

अवली_लेकाची_आई

आम्ही गच्चीवर फुटबॉल पृथ्वी आणि टेनिसबॉल चंद्र करून बघितलं. लेकाला विचारलं चंद्र किती लांब धरू, त्यानं वीतभर सांगितलं. खरं अंतर साडेसहा मीटर येतं (पृथ्वीसारखे तीस गोळे ओळीनं). सूर्य त्याच मापानं अडीच किलोमीटरवर आणि आठ मजली इमारतीएवढा. आता स्टेशनजवळची एक बिल्डिंग आमच्या घरात 'सूर्य' म्हणून ओळखली जाते. रिक्षावाल्याला तेच सांगितलं त्यानं परवा.

गॅलरीवाली

इतकं मिळेल वाटलं नव्हतं. फ्रिजवर कागद लावलाय, दिसला की त्या तारखेखाली ती कोर काढते, नाही दिसला तर ढग नाहीतर बिल्डिंग काढते. बिल्डिंगाच जास्त आहेत.

एक शेवटचं, वांगणीला (कर्जत लाइनवर) खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात ना, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन जावं का? कुणी गेलंय?

सहज_फिरायला

पुतणीला घेऊन गेलो होतो. पहिले दोनतीन तास एकदम मजेत, नंतर माझ्या मांडीवर झोपली. वयाची अट आहे का ते त्यांना आधी विचारून घ्या. थंडीत जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि अमावास्येच्या आसपासचा शनिवार बघा. टॉर्चला लाल जिलेटीन लावून न्या, पांढरा टॉर्च मारलात की आजूबाजूचे सगळे ओरडतात, अंधाराला सरावलेले डोळे परत सरावायला वीसेक मिनिटं जातात. मोबाईलचंही तेच. कानटोपी, सतरंजी, ओडोमॉस. आणि शेवटची लोकल बघून ठेवा, मूल रात्री अकराला "घरी जायचं" म्हणू शकतं.